माणसे सांभाळण्याची विद्या

कारखान्यात नवे यंत्र आले की त्याच्याबरोबर एक माहितीपुस्तिका येते. यंत्राला तेल कधी घालावे, कोणता भाग किती दिवसांनी बदलावा, वेगळा आवाज आला तर काय तपासावे, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. त्याच कारखान्यात नवा माणूस कामाला लागतो, तेव्हा मात्र त्याच्याबरोबर अशी पुस्तिका येत नाही. तो आज उशिरा का आला? कालपर्यंत हसतखेळत काम करणारा आज गप्प का आहे? त्याला रजा नाकारली तर त्याच्या घरी कोणती अडचण होईल? त्याचा पगार बरोबर मोजला गेला आहे ना? या प्रश्नांची उत्तरे कोणाला तरी शोधावीच लागतात.

कारखाना असो, रुग्णालय असो, बँक असो की शाळा, तेथे काम करणाऱ्या माणसांची काळजी वाहणारा एक विभाग असतो. योग्य माणसाची भरती करणे, त्याला प्रशिक्षण देणे, हजेरी व रजा यांची नोंद ठेवणे, पगाराचा हिशेब पाहणे, तक्रारी ऐकणे आणि निवृत्तीच्या वेळी त्याचे हक्काचे पैसे त्याच्या हाती देणे, ही या विभागाची कामे. या कामाला मनुष्यबळ व्यवस्थापन असे म्हणतात. कार्यालयात त्याला थोडक्यात 'एचआर' म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, या कामातील कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. हजेरी, रजा, अर्ज, करार, तक्रार, हिशेब, कायदा हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन राहिले. काहींचा अर्थ मात्र थोडा बदलला. उर्दूत 'रज़ा' म्हणजे संमती किंवा खुशी. मराठीत 'रजा' म्हणजे कामावरून मिळालेली सुट्टी. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद किंवा भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. हा दुसरा फरक तर मनुष्यबळ अधिकाऱ्याने कायम लक्षात ठेवावा असा आहे. कामगार तक्रार घेऊन येतो, तेव्हा तो भांडायला आलेला नसतो. त्याला कोणीतरी आपले ऐकून घ्यावे असे वाटत असते.

हे काम फार जुने नाही. इंग्लंडमधील यॉर्क या शहरात राऊंट्री नावाचा कोको व चॉकलेट बनवणारा मोठा कारखाना होता. तेथे १८९६ साली मेरी वुड या बाईंची नेमणूक झाली. कारखान्यातील मुली व स्त्रिया यांच्या सुखदुःखाकडे लक्ष देणे हे त्यांचे काम होते. अशा नेमणुका इतर कारखान्यांतही होऊ लागल्या. या कामाची पुस्तके तेव्हा नव्हती आणि शिकवणारे शिक्षकही नव्हते. म्हणून ही कामे करणारी माणसे १९१३ साली यॉर्क येथे एकत्र आली आणि त्यांनी आपली एक संघटना स्थापन केली. आपापल्या अडचणी एकमेकांना सांगायच्या आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकायचे, ही तिची रीत होती. तीच संघटना आज इंग्लंडमध्ये या व्यवसायाची प्रमुख संस्था म्हणून ओळखली जाते.

आपल्याकडे या शिक्षणाची एक महत्त्वाची सुरुवात मुंबईत झाली. १९३६ साली नागपाड्यातील नेबरहूड हाऊसच्या इमारतीत समाजकार्याचे शिक्षण देणारी एक संस्था सुरू झाली. सर दोराबजी टाटा यांचे नाव तिला देण्यात आले होते. पुढे ती 'टाटा सामाजिक विज्ञान संस्था' या नावाने प्रसिद्ध झाली. कामगार कल्याणाचे काम करणारे अनेक अधिकारी या संस्थेत तयार झाले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने असा नियम केला, की जेथे ५०० किंवा त्याहून अधिक कामगार आहेत, तेथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेत ही संख्या २५० करण्यात आली.

आता एक प्रश्न पाहू. संस्थेत शिक्षण घेतले, पदवी मिळाली, म्हणजे हे काम पूर्ण येते का? येत नाही. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे नियम बदलत राहतात. कामगारांविषयीचे २९ केंद्रीय कायदे एकत्र करून त्यांच्या जागी ४ संहिता करण्यात आल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता असे त्यांचे चार विषय आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या अमलात आल्या. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी जुने कायदे पाठ केले होते, त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. प्रत्येक माणूस वेगळा असतो आणि प्रत्येक प्रसंगही वेगळा असतो. पुस्तकात नियम मिळतो. तो नियम या माणसाला, या प्रसंगी कसा लावायचा, हे अनुभवी माणसाकडूनच समजते. शिंप्याच्या दुकानातील मुलगा शिलाई कशी शिकतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. जीन लेव्ह या अमेरिकन विदुषींनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशातील शिंप्यांचा असाच अभ्यास केला. तेथील शागीर्द आधी बटणे लावतो, कडा दुमडून शिवतो, इस्त्री करतो. मग तो कपडा शिवू लागतो आणि अगदी शेवटी कापड बेतायला व कापायला शिकतो. शिवण चुकली तर उसवता येते. कापड चुकीचे कापले तर ते वायाच जाते. लेव्ह आणि त्यांचे सहकारी एटिएन वेंगर यांनी १९९१ साली आपल्या पुस्तकात असे दाखवून दिले, की एकच काम करणाऱ्या माणसांच्या समूहात वावरता वावरता नवखा माणूस शिकत जातो. अशा समूहाला आपण 'व्यवसायी समुदाय' म्हणू.

मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभागात दहा-वीस माणसे असतात. तेथे नवख्याला विचारायला शेजारीच कोणीतरी असते. पण मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीतील एखाद्या लहान कारखान्यात हे सारे काम बहुधा एकच माणूस पाहतो. तोच हजेरी घेतो, तोच पगारपत्रक बनवतो आणि तोच मालकाचा पत्रव्यवहारही सांभाळतो. त्याने कोणाला विचारायचे? येथे संगणक आणि इंटरनेट त्याच्या मदतीला येतात. मनुष्यबळाचे काम करणारी गावोगावची, देशोदेशीची माणसे इंटरनेटवर एकमेकांशी जोडली गेली आहेत. एकाने प्रश्न लिहायचा आणि ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचे, अशी तेथील साधी पद्धत. प्रश्न आणि उत्तर दोन्ही जपून ठेवले जातात. त्यामुळे आज एकाने विचारलेला प्रश्न पाच वर्षांनी दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

येथेही शिकण्याचा क्रम शिंप्याच्या दुकानासारखाच असतो. नवखा माणूस प्रथम इतरांचे प्रश्न व उत्तरे नुसती वाचतो. मग तो स्वतः एखादा लहान प्रश्न विचारतो. काही काळाने त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवर कोणी प्रश्न विचारला, तर तो उत्तर देतो. जाणकार माणसे त्याच्या उत्तरात काही उणे असेल तर ते दाखवून देतात. अशा रीतीने शागीर्द हळूहळू उस्ताद होत जातो.

पण इंटरनेटवर मिळालेले प्रत्येक उत्तर खरे असते का? एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका लहान कारखान्यात २० वर्षे इमानाने काम केलेला एक कामगार निवृत्त होत आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून त्याला शेवटच्या महिन्यात १३,००० रुपये वेतन मिळाले. दीर्घ सेवेबद्दल त्याला ग्रॅच्युइटी द्यायची आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे, हा नियम १९७२ च्या ग्रॅच्युइटी अधिनियमाने घालून दिला. मनुष्यबळाचे काम पाहणारा तरुण नवा आहे. 'पंधरा दिवसांचे वेतन कसे काढावे?' असा प्रश्न तो लिहितो. त्याला दोन उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर असे : महिन्याचे दिवस ३०, म्हणून १३,००० ला ३० ने भागा. आलेल्या भागाकाराला १५ ने गुणा आणि मग २० वर्षांनी गुणा. रक्कम येते १,३०,००० रुपये.

दुसरे उत्तर असे : १३,००० ला २६ ने भागा. एका दिवसाचे वेतन ५०० रुपये झाले. १५ दिवसांचे ७,५०० आणि २० वर्षांचे १,५०,००० रुपये.

दोन्ही उत्तरे तितक्याच ठामपणे लिहिलेली आहेत. दोघांत फरक मात्र २०,००० रुपयांचा आहे. ज्याला महिन्याला १३,००० रुपये मिळत होते, त्याच्या दृष्टीने ही दीड महिन्याहून अधिक दिवसांची कमाई झाली. मुलीच्या शिक्षणाची फी किंवा घराच्या छपराची दुरुस्ती एवढ्या पैशात होऊन जाईल. चुकीच्या उत्तरावर विश्वास ठेवला तर कामगाराचे हे पैसे बुडतील आणि आपले काय बुडाले, हे कदाचित त्याला कधीच कळणार नाही.

मग बरोबर उत्तर कसे ओळखायचे? दुसरे उत्तर देणाऱ्याने केवळ आकडा सांगितलेला नाही, तर कारण व आधारही दिला आहे. तो लिहितो, की महिन्यातील चार साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या तर कामाचे २६ दिवस उरतात आणि महिन्याचे वेतन त्या २६ दिवसांच्या कामाबद्दल असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली श्री दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात हीच रीत मान्य केली. पुढे ती कायद्यातच स्पष्ट शब्दांत लिहिण्यात आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. आता त्या तरुणाला एकच काम उरते. त्याने कायद्याचे ते कलम स्वतः उघडून वाचायचे. समुदायाने त्याला वाट दाखवली. मुक्कामाला पोहोचल्याची खात्री त्यानेच करून घ्यायची.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पहिले उत्तर देणारा काही खोटारडा नव्हता. त्याने सरळ मनाने, पण न तपासता उत्तर दिले. दुसऱ्याने ते दुरुस्त केले, तेव्हा प्रश्न विचारणारा शिकला आणि चुकीचे उत्तर देणाराही शिकला. एकट्याने पुस्तक वाचताना अशी दुरुस्ती होत नाही.

प्रश्न विचारणे हीसुद्धा एक कला आहे. 'रजेचा नियम काय?' असे विचारले तर उपयोगी उत्तर मिळणार नाही. नीट प्रश्नात चार गोष्टी असाव्यात : नेमके काय घडले, कारखाना कोणत्या राज्यात आहे व तेथे किती माणसे काम करतात, आपण कोणता नियम वाचला आणि त्यातील काय समजले नाही. असा प्रश्न लिहिता लिहिता पुष्कळदा उत्तर आपल्यालाच सापडते.

प्रश्नोत्तरांखेरीज एकत्र काम करण्याचीही साधने आता सर्वांना मिळतात. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक नवी युक्ती काढली. संगणकावरील एखादे पान कोणालाही वाचता यावे आणि कोणालाही सुधारता यावे, अशी ती सोय होती. तिला त्याने 'विकी' हे नाव दिले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. आज याच कल्पनेवर चालणारे सामाईक दस्तऐवज व तक्ते तुम्हीही पाहिले असतील. तीन गावांतील तीन माणसे एकाच वेळी एकच मसुदा लिहू शकतात. एकाने रजेचा नियम लिहिला, दुसऱ्याने बाजूला शंका लिहिली, तिसऱ्याने वाक्य सुधारले, तरी कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते. नवख्याने ही नोंद वाचली तर नियम कळतोच, शिवाय तो असा का झाला हेही कळते.

साधा रजेचा तक्ता घ्या. रमजान ईदला कोण सुट्टीवर, गणेशोत्सवात कोण, दिवाळीत कोण, हे सर्वांना दिसेल अशा एकाच तक्त्यात लिहिले, तर कामगार आपसांत पाळ्या बदलून घेतात आणि कोणाचाही सण बुडत नाही. हाच तक्ता एकाच्या कपाटात बंद असेल, तर शेवटच्या दिवशी कुरबुर होते.

गिटलॅब नावाची एक संगणक कंपनी आहे. तिची माणसे अनेक देशांत आपापल्या घरी बसून काम करतात. माणूस कसा निवडावा, नव्या माणसाचे स्वागत कसे करावे, रजा कशी घ्यावी, याविषयीची आपली कामकाजाची पुस्तिका या कंपनीने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. या विषयाचा कोणताही विद्यार्थी ती वाचू शकतो. अर्थात, तिचे नियम जसेच्या तसे आपल्या कारखान्याला लागू पडणार नाहीत. दुसऱ्याच्या मापाचा कुडता आपल्या अंगाला नीट बसत नाही. पण तो कसा बेतला आहे, हे पाहून शिकता येते.

या सोयींबरोबर एक मोठी जबाबदारीही येते. मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्याला माणसांच्या खाजगी गोष्टी माहीत असतात. कोणाला कोणता आजार आहे, कोणावर कर्ज आहे, कोणी कोणाविरुद्ध तक्रार केली आहे, हे सारे त्याच्या कागदांत असते. उर्दूतील 'अमानत' हा शब्द मराठीत 'अनामत' झाला. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली असते, ती अनामत. कामगाराची माहिती ही अशीच अनामत आहे. प्रश्न विचारताना कामगाराचे नाव, गाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण लिहिता कामा नये. 'एका कामगाराला' एवढे म्हटले तरी पुरते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्यात तर तक्रार करणाऱ्या स्त्रीची ओळख जाहीर करण्यास स्पष्ट मनाई आहे. शिकण्याची घाई झाली म्हणून कोणाची अब्रू उघड्यावर मांडता येत नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याही संगणकावर शिकता येत नाहीत. समोरचा माणूस बोलता बोलता का थांबला, त्याने मान खाली का घातली, हे त्याच्यासमोर बसूनच समजते. त्यासाठी त्याची भाषाही यावी लागते. भिवंडीच्या यंत्रमागांवर उर्दू, हिंदी, मराठी व तेलुगू बोलणारे कामगार शेजारी शेजारी काम करतात. कायद्यातील महत्त्वाचे नियम बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत कारखान्यात लावले पाहिजेत, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सांगितले होते. न समजणाऱ्या भाषेतील हक्क हा कुलूप लावलेल्या पेटीसारखा असतो. ज्याला उर्दू येते आणि मराठीही येते, त्याच्याकडे या पेटीच्या दोन किल्ल्या आहेत. सरकारी कार्यालयातील मराठी पत्र वाचून तो मागावरच्या कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगू शकतो आणि कामगाराचे म्हणणे मराठी अर्जात नीट मांडू शकतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या कारखान्यात काम करील, कोणी कार्यालयात, कोणी स्वतःचे दुकान काढून चार माणसांना काम देईल. माणसांशी संबंध सर्वांचाच येणार आहे. म्हणून विचारायला लाजू नका. मिळालेले उत्तर तपासल्याशिवाय वापरू नका. दुसऱ्याची गोष्ट अनामत म्हणून जपा. आणि आपल्याला जे कळले ते पुढच्याला सांगा. कारण आपणही ते कोणाकडून तरीच शिकलेलो असतो.

स्वाध्याय

१. यंत्र व माणूस यांच्यात लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
२. 'रजा' व 'तक्रार' या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.
३. एका कामगाराचे शेवटचे मासिक वेतन १५,६०० रुपये आहे. त्याची १० वर्षे सेवा झाली आहे. पाठात दिलेल्या योग्य रीतीने त्याची ग्रॅच्युइटी काढा.
४. 'कामगाराची माहिती ही अनामत आहे', हे विधान स्पष्ट करा.
५. तुमच्या आसपासच्या एखाद्या कारागिराला भेटा. तो आपले काम कोणाकडून व कोणत्या क्रमाने शिकला, ते दहा ओळींत लिहा.